क्नेडलिकची पेटी

एकतीस वर्षं मी ओस्ट्रावाच्या इस्पितळात
तिसऱ्या मजल्याची फरशी पुसली.
वास हाच आमचा पुरावा.
मुख्य परिचारिका दारातून नाक आत घालायची,
डोळ्यांत पाणी आलं की म्हणायची, झालं.

आता रादिम सहा महिने नॉर्वेला,
मासे सोलायच्या कारखान्यात,
आणि त्याचा क्नेडलिक माझ्या बैठकीत,
काचेच्या पेटीत, दिव्याखाली.
निळ्या जिभेचा सरडा.
नाव उकडलेल्या कणकेच्या गोळ्याचं, अंगही तसलंच,
पाय मात्र कुणाला तरी मागाहून आठवले
आणि घाईत चिकटवले असावेत.

पहिल्या शनिवारी मी माझी जुनी बाटली काढली,
पाइनच्या तेलाची, हिरवी, अर्धी भरलेली.
झाकण फिरवलं, तेवढ्यात
त्यानं जीभ बाहेर काढली.
शाईच्या दौतीतून काढावी तशी.
हवेला एकदा शिवली, आत गेली,
आणि तो सरकत सरकत मागे,
लाकडाच्या ढोलीत, शेपटीसकट.

मी झाकण परत लावलं.

डॉक्टर शेबेस्तोवा फोनवर हसली नाही, तिचे उपकार.
"आजी, तो जिभेनं वास घेतो.
तुमच्या नाकाला जे झोंबतं
ते त्याच्या टाळूवर जाऊन बसतं.
पाइनचं तेल नको. फिनेल तर त्या खोलीतसुद्धा नको."

विजेच्या बिलामागे मी उतरवून घेतलं:
आधी त्याला दुसऱ्या डब्यात हलवा, झाकणाला भोकं.
मग घाण खरवडा. गरम पाणी, साधा साबण.
मळावर औषध चालत नाही
(हे मला शिकवता? मीच शिकवायचे नव्या पोरींना).
मग प्राण्यांच्या दवाखान्यातलं जंतुनाशक,
मापानं, अंदाजानं नव्हे.
ते संपलं तर ब्लीच, एका वाटीला तीस वाट्या पाणी.
त्यात व्हिनेगर नाही. अमोनिया नाही. कधीच नाही.
दहा मिनिटं हात बांधून बसा.
धुवा. परत धुवा. पूर्ण वाळू द्या.
बादली वेगळी, आणि स्वयंपाकघरातलं सिंक नाही.
वास येतोय? मग अजून झालेलं नाही.

शेवटची ओळ मी दोनदा लिहिली,
दुसऱ्यांदा पेन जोरात दाबून.

ओल्द्रिख माझ्याच मजल्यावर होता, चौदा नंबरला.
खाणीची धूळ छातीत घेऊन आलेला,
श्वास शिट्टीसारखा.
म्हणायचा, खिडकी उघड ना जरा.
मी म्हणायचे, थंडी आहे, आणि आत्ताच तर पुसलंय,
बघ किती स्वच्छ वास येतोय.
तो मान वळवायचा भिंतीकडे.
आम्ही दोघं समजायचो, दुखतंय म्हणून.

दहा मिनिटं फार मोठी असतात.
बाथटबच्या काठावर बसून मी ती मोजते.
त्याचं पाण्याचं भांडं, सपाट दगड, ढोली,
सगळं ओळीनं निथळत.
खिडकी उघडी, मार्चचं वारं, खाली ट्रॅम वळते.
मग पेटीत डोकं घालते, इतकं आत
की केसांना जाळी अडकते,
आणि हुंगते.
काच. ऊन लागलेला दगड. काही नाही.
एकदा अजून धुते, माझ्या नाकावर
माझा आता भरवसा नाही.

क्नेडलिकला आत सोडलं की तो घाई करत नाही.
दगडाला जीभ लावतो, भांड्याला लावतो,
माझ्या बोटालाही, साबणाचं असेल म्हणून मी मागे घेते.
मग दिव्याखाली पसरतो
कुणीतरी ताटात वाढल्यासारखा.

ती हिरवी बाटली फेकवेना.
खालच्या मजल्यावरच्या ह्लावाच्कोवाबाईंना दिली जिन्यासाठी.
त्या खूश. दर मंगळवारी जिना घमघमतो,
शेजारी म्हणतात, वा, काय लखलखतंय.
मंगळवारी मी दाराच्या फटीत
ओला टॉवेल कोंबते.